वहिवाट आणि न्याय

नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या मनुष्यास कचेरीच्या, दवाखान्याच्या वा पर्वणीच्या निमित्ताने नाशिकास जाणे घडतेच. परंतु पंचवटीतील ज्या काळाराम मंदिरात तो आज निःशंकपणे प्रवेश करतो, त्याचे दरवाजे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्यासह आलेल्या सहस्रावधी अस्पृश्य सत्याग्रहींसमोर बंद होते, आणि या बंदीस आधार होता तो धर्माचा व पूर्वापार वहिवाटीचा. रामनवमीच्या रथप्रसंगी सत्याग्रहींवर दगडही पडले.

१९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांस पत्र लिहून हा सत्याग्रह स्थगित करण्याचा सल्ला दिला; आणि त्याच वर्षी मुंबईत, 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांनाही, उत्तरे दिल्याबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली सापडलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तथापि बहुसंख्यांस किळस वाटते एवढ्यावरून एखाद्याचा हक्क वा जिज्ञासा दडपता येत नाही, हे एकच तत्त्व मला या दोन्ही प्रकरणांत दिसते.

इंग्रजी अमलात १८६० साली झालेल्या दंडसंहितेच्या कलम ३७७ ने समलिंगी संबंधांस निसर्गक्रमाविरुद्ध ठरवून फौजदारी गुन्ह्यात घातले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत विशद केलेली संवैधानिक नीतिमत्तेची कल्पना या निकालाच्या मुळाशी होती.

अस्पृश्यांचे आणि समलिंगींचे, ही दोन्ही दुःखे मात्र एकरूप मानणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या पाणी, जमीन आणि विद्या नाकारणाऱ्या जातिव्यवस्थेचे ओझे अन्य कोणत्याही ओझ्याशी तोलता येत नाही. उलट, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बालकास त्याच्याच घरात, अपमान भोगलेल्या आईबापांचा आधार असतो, तर समलिंगी मुलास पुष्कळदा स्वतःच्या घरातच परके व्हावे लागते, आणि ज्या खेड्यात लग्न हाच साऱ्या भावकीचा विषय असतो, तेथे आपले मन कोणापाशी उघडावे हेही त्यास कळत नाही. त्याला सत्याग्रहासाठी जमाव मिळत नाही. म्हणूनच त्याच्या बाजूने बोलण्याचे कर्तव्य इतरांवर अधिक येते, असे मला वाटते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारून तो विषय कायदेमंडळावर सोपविला. परिणामी, जन्मभर सोबत राहिलेल्या जोडीदारास पतीपत्नीच्या नात्याने मिळणारा वारसा अद्याप मागता येत नाही.