स्विचचे दोन दरवाजे

यंत्र एका ठिकाणी आणि ते वापरणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी, ही स्थिती मुंबईच्या उपनगरांना नवी नाही. १९८६-८७ च्या सुमारास ‘अर्नेट’ प्रकल्पात जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काळी अशी जोडणी मोजक्याच संस्थांकडे होती. आता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत शाळाशाळांत संगणककक्ष आहेत आणि तेथील तारा एखाद्या कपाटातल्या पेटीत एकत्र येतात. ही पेटी म्हणजे नेटवर्क स्विच.

येथे स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. आलेल्या माहितीच्या पुडक्यावरचा पत्ता वाचून ते योग्य तारेवर पाठवणे हे त्याचे काम. साध्या स्विचमध्ये बदलण्यासारखे काही नसते. मोठ्या स्विचमध्ये मात्र एक छोटा संगणकच असतो. त्याला ना कळफलक, ना पडदा. मग त्याला सूचना द्यायच्या कशा? त्यासाठी दोन दरवाजे असतात.

पहिला दरवाजा कन्सोलचा. स्विचवरील कन्सोलच्या खाचेतून एक तार थेट आपल्या संगणकाला जोडायची आणि टर्मिनलचा प्रोग्रॅम सुरू करायचा. वेग बहुधा सेकंदाला ९,६०० बिट असतो. एका अक्षराचे ८ बिट, शिवाय आरंभाचा १ आणि शेवटचा १, असे १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे. वेग कमी, पण हा मार्ग नेटवर्कवर अवलंबून नाही. स्विच कोरा असो वा नेटवर्क बंद पडलेले असो, हा दरवाजा उघडतो.

दुसरा दरवाजा दुरून प्रवेशाचा. त्यासाठी स्विचला स्वतःचा आयपी पत्ता द्यावा लागतो. दुसऱ्या नेटवर्कमधून यायचे असेल तर गेटवेचा पत्ताही. मग तळमजल्यावर बसून तिसऱ्या मजल्यावरील स्विच हाताळता येतो. यासाठीची जुनी पद्धत टेलनेट. तिचे प्रचलित मानक १९८३ चे. तिच्यात परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, जसाच्या तसा तारेवरून जातो. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचावा, तसेच हे. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे शब्द चोरून वाचल्यानंतर तेथील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यात मजकूर सांकेतिक होऊन जातो, जणू बंद पाकिटातून.

एसएसएच सुरू करण्याचा क्रम सिस्को कंपनीच्या स्विचवर साधारण असा असतो: स्विचला नाव व डोमेनचे नाव द्यावे, आरएसए किल्ली तयार करावी, वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द नोंदवावा, दूरच्या मार्गांवर टेलनेट बंद करून फक्त एसएसएच ठेवावे, काही मिनिटे काम न झाल्यास संपर्क आपोआप तुटेल अशी मुदत घालावी. शेवटी सर्व जतन करावे. नाहीतर वीज जाताच केलेले काम पुसले जाते.

याच पुसले जाण्याचा उपयोगही करून घेता येतो. दुरून काम करताना आयपी पत्ता चुकीचा टाकला, तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड पडते आणि संपर्क तुटतो. म्हणून आधी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा देऊन ठेवतात. चूक झाली तर स्विच पुन्हा सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या मांडणीवर परततो. सर्व ठीक असेल तर ती आज्ञा रद्द करून नवी मांडणी जतन करतात.

कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवणे किती महागात पडते, हे २०१६ मध्ये ‘मिराई’ने दाखवले. या घातक प्रोग्रॅमने टेलनेटमधून असेच ठरावीक शब्द वापरून कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले.

कन्सोलचा धोका निराळा. अनेक स्विचवर कन्सोलला परवलीचा शब्द मुळात लावलेलाच नसतो. तो आपण लावायचा. तरीही स्विचपाशी पोहोचलेला माणूस वीज बंद-चालू करून, ठरावीक बटण दाबून तो शब्द टाळू शकतो. तेव्हा दूरच्या दरवाज्याला एसएसएच हवे, तसे कन्सोलला कपाटाचे कुलूप हवे.

शाळांसाठी आम्ही आणखी एक गोष्ट सुचवू. स्विचची मांडणी माहीत असलेले शिक्षक बदलून जातात किंवा निवृत्त होतात आणि परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर जातो. म्हणून परवलीचे शब्द आणि मांडणीची प्रत मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावी, कन्सोलची तार स्विचच्या कपाटातच असावी आणि माणूस बदलला की शब्दही बदलावा. ऐन परीक्षेच्या दिवशी नेटवर्क बंद पडले, तर नव्या शिक्षकालाही निदान एक दरवाजा उघडता आला पाहिजे.