उंचीवरची ड्युटी आणि बाप होण्याचा प्रश्न

मी चंद्रपूरचा, पुण्यात सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

मे 2018 मध्ये 'मिशन शौर्य'मधून आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, तेव्हापासून विरळ हवेबद्दल मला कुतूहल आहे. पण तिच्या एका परिणामावर कुणी बोलत नाही.

माझा गडचिरोलीचा एक मित्र लेहला जवान आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. घरचे फक्त वहिनींनाच दवाखान्यात नेतात. परवा फोनवर त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, तिथल्या हवेनं माझ्यातच काही बिघडलं असंल का?" त्याला विचारूनच हे सांगतोय.

असू शकतं. चंद्रपूर जेमतेम दोनशे मीटर उंचीवर, तर लेह साडेतीन हजारांवर. तिथे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश कमी. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना ही टंचाई बाधते. गिर्यारोहकांच्या तपासण्यांत मोहिमेनंतर शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटलेली दिसली आहे. दिलासा असा की खाली आल्यावर काही महिन्यांत ती बहुतेक सावरते.

महिने का लागतात? शुक्राणू तयार व्हायला सुमारे 70 ते 75 दिवस, बाहेर पडायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट हा गेल्या तीन महिन्यांचा हिशोब. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट खराब आला, तर तो शेवटचा शब्द समजू नका. डॉक्टरांना पोस्टिंग कुठे होतं ते सांगा आणि तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारा.

पण सगळं उंचीवर ढकलू नका. खर्रा, दारू, अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा, हीही कारणं असतात. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, आणि आपला मे महिना तर 45 अंशांचा! शिवाय साधी गोष्ट: सुट्टी मोजकी, ती गर्भधारणेच्या दिवसांशी जुळायला हवी ना?

आणि 'ताकदीची' म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका. त्यांनी शुक्राणू उलट कमी होतात.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो. वीर्यतपासणीत ना सुई, ना ऑपरेशन. तरी पहिली रांग बायकोच लावते. मित्राला एवढंच म्हटलं, "पुढच्या सुट्टीत वहिनींसोबत तूही जा. आईला आधी तूच सांग, माझीही तपासणी होणार आहे म्हणून."

तो "बघतो" म्हणाला. तुम्ही बघत बसू नका. भेटू पुढच्या भागात!