छिद्र छोटं, आवाज मोठा!

नव्या नोकरीची ऑफर हातात होती, उरली होती फक्त मेडिकल. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘मर्मर आहे. माहीत होतं?’

माहीत होतं हो, जन्मापासून! पण घरात त्याचं नाव काढायची बंदी. ‘हृदयाला भोक आहे म्हटल्यावर स्थळं कोण आणणार?’ हे आईचं लॉजिक. दहावीनंतर चेकअपही बंद.

या वेळी मीच रजा टाकून टू-डी एको केला. कार्डिऑलॉजिस्टनी चित्र काढून समजावलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, म्हणजे व्हीएसडी. डावीकडे दाब जास्त, म्हणून थोडं शुद्ध रक्त उजवीकडे शिरतं आणि पुन्हा फुप्फुसांत जातं. गंमत म्हणजे छिद्र छोटं असलं की आवाज मोठा! नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं जोरात उडतं, तसंच. आँरी रोजे या फ्रेंच डॉक्टरांनी हे १८७९ सालीच लिहून ठेवलंय.

मोठ्या छिद्राकडे मात्र दुर्लक्ष महागात पडतं. फुप्फुसांतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर छिद्र बंद करणंही धोक्याचं, गरोदरपणही. म्हणून ते सहसा लहानपणीच ऑपरेशनने बंद करतात. काही छिद्रं तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, छोटं उपकरण बसवूनही बुजवता येतात.

माझं छोटंसंच. ऑपरेशन नको, गोळ्या नकोत. जिम, ट्रेक, पुढे बाळंतपण, सगळ्याला हिरवा कंदील. पथ्यं तीनच. डॉक्टर सांगतील तेव्हा एको. दात-हिरड्या ठणठणीत, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन ठाण मांडू शकतात. आणि ताप रेंगाळला तर मनाने अँटिबायोटिक घ्यायचं नाही. डॉक्टरांना छिद्राबद्दल सांगायचं, म्हणजे ते आधी रक्ताची तपासणी करतील.

नोकरी मिळाली. गेल्या महिन्यात एका स्थळाला पहिल्याच कॉफीला सगळं सांगून टाकलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, ‘जिने चढताना धाप लागते?’ म्हटलं, ‘तुझ्यापेक्षा कमीच!’

घरी आल्यावर आईलाही सांगितलं. वाटलं, आता भडकणार. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘पुढचा एको कधी आहे? मी येते.’