मुले बोलतात, शाळा उत्तर देते काय?

दरवर्षी ५ सप्टेंबरला महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत एक गमतीचा सोहळा पार पडतो. दहावीतली एखादी मुलगी साडी नेसून मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसते, नववीची मुले आठवीच्या वर्गावर तास घेतात, शिपायाची घंटाही त्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती असते. दुपारी समारोपाची भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत सुरू होते. या एका दिवसाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र शाळेच्या कारभारात विद्यार्थ्याला स्थान देण्याची कल्पना पुष्कळ ठिकाणी या दिवसापाशीच सुरू होते आणि तेथेच संपते, हे ध्यानात घेतले म्हणजे सोहळ्याची दुसरी बाजू दिसू लागते. त्या दिवशी ती मुलगी मुख्याध्यापकांसारखी बोलते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, हे विद्यार्थिनी म्हणून सांगण्याची जागा मात्र तिला वर्षाच्या उरलेल्या दिवसांत सापडत नाही.

विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकावे, ही मागणी परदेशातून आलेले खूळ आहे, असे मानणारे शिक्षक व पालक अजूनही आढळतात. महाराष्ट्राचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आजच्या हिशेबाने ती आठवी-नववीतली विद्यार्थिनी. आपल्या समाजाचे दारिद्र्य, त्याला धर्माच्या नावाने नाकारलेली माणुसकी, बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल, हे सारे तिने निःसंकोचपणे मांडले. तिच्या धैर्याचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्या घटनेची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. मुलीने असे लिहावे यासाठी तिला मोकळीक देणारी शाळा तेथे होती, आणि लिहिलेले वाचून ते छापण्याजोगे आहे असे मानणारी मोठी माणसेही होती. मुलीचा आवाज एकटा उठला नाही. तो झेलणारे कोणी होते म्हणून तो १७० वर्षांनंतरही ऐकू येतो.

पुढे खानदेशात अशीच एक परंपरा दिसते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. आठवड्याचे तास, वह्यांची तपासणी आणि छात्रालयाची व्यवस्था सांभाळणारा शिक्षक आपल्या मुलांसाठी दररोज लेखणी हाती घेतो, याचा अर्थ काय? मुले ही केवळ हजेरीपटावरील नावे नसून, ज्यांच्याशी रोज संवाद करावा अशी ती माणसे आहेत, हाच तो अर्थ होय. या काळानंतर मराठी शाळांत हस्तलिखिते, भित्तिपत्रके, वक्तृत्व मंडळे आणि मुलांनी चालविलेली स्नेहसंमेलने रुजली. त्यांत हौसेचा भाग मोठा होता हे खरे. पण चार जणांत उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा सरावही तेथेच होत असे.

हा सराव का आटला, याचे खापर कोणा एकावर फोडता येणार नाही. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी शाळेतून बाहेर पडली. नव्या रचनेचे फायदे होते. परंतु शाळेतील सर्वांत थोरली, समज आलेली, संमेलने व मंडळे अंगावर घेणारी मुलांची फळी तिच्यामुळे एका वर्षाने लहान झाली. बोर्डाची परीक्षा आता दहावीत आली. दहावीला अन्य उपक्रमांतून सूट, नववीत दहावीची तयारी, आणि शाळा सुटल्यावर खासगी शिकवण्या, असा क्रम हळूहळू रूढ झाला. हस्तलिखिताची जागा काचेच्या फलकाने घेतली आणि त्या फलकावर शिक्षकांनी शुद्ध करून दिलेल्या मजकुराखेरीज काही लागेनासे झाले. वर्गप्रतिनिधी हा वर्गाचा प्रतिनिधी न राहता शिक्षकांचा मदतनीस झाला. खडू आणणे, वह्या गोळा करणे आणि बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे, ही त्याची कामे. ज्याने वर्गाच्या वतीने बोलायचे, त्याच्याकडेच वर्गाला गप्प बसविण्याचे काम यावे, यातील विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही.

कायदा या बाबतीत शाळेच्या पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला आणि भारताने तो डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचे बारावे कलम असे, की ज्याला स्वतःचे मत बनविता येते अशा मुलाला, त्याच्याशी संबंध असलेल्या सर्व बाबतींत ते मांडण्याचा अधिकार आहे. आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे. मुलाचे प्रत्येक म्हणणे मान्य करावे, असे हे कलम सांगत नाही. ते विचारात घ्यावे एवढेच सांगते. देशातील न्यायालयानेही ही दिशा आधीच दाखविली होती. १९८५ साली केरळमधील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. संविधानाने दिलेले स्वातंत्र्य गणवेशाबरोबर काढून ठेवावे लागत नाही, हा त्या निकालाचा सरळ अर्थ.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. अभ्यासक्रम ठरविताना मूल भयमुक्त व्हावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, हेही त्याने उद्दिष्ट म्हणून घातले. परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. ज्या वयात मुलाला खऱ्या अर्थाने मत फुटते, त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावरच या कायद्याचा हात सुटतो. तेथून पुढे सारे शाळेच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून राहते.

ही केवळ तत्त्वाची चर्चा असती तर ती परिसंवादापुरती ठेवता आली असती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर शासनाने शाळांना जे आदेश दिले, त्यांत कॅमेऱ्यांबरोबर तक्रारपेटीचाही पुन्हा उल्लेख होता. पुन्हा म्हणावयाचे ते अशासाठी, की तक्रारपेटी बसविण्याचा आदेश त्यापूर्वीही निघालेला होता. पेटी भिंतीवर ठोकणे सोपे असते. तिची किल्ली कोणाकडे आहे, ती किती दिवसांनी उघडली जाते, उघडताना कोण हजर असते, चिठ्ठीतील अक्षरावरून मुलाचा शोध घेतला जातो काय, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती ती चिठ्ठी पडते काय, हे खरे प्रश्न आहेत. मुले फार लवकर हिशेब करतात. पहिल्या चिठ्ठीचे काय झाले, हे त्यांना कळले नाही तर दुसरी चिठ्ठी पडत नाही; आणि वर्षअखेर रिकामी पेटी पाहून, आमच्या शाळेत तक्रारच नाही, असा समाधानाचा शेरा लिहिला जातो. पाणी, पंखा, गृहपाठ अशा साध्या गोष्टी बोलून काही होत नाही असा ज्या मुलीचा अनुभव आहे, ती भीतीची, लाजेची गोष्ट सांगण्यासाठी त्याच शाळेकडे येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. लहान गोष्टींना उत्तर देण्याची सवय हीच मोठ्या संकटातली सुरक्षा असते.

शिक्षकांचे आक्षेप मात्र बाजूला सारण्यासारखे नाहीत. एका वर्गात साठ-साठ मुले, त्यांत अशैक्षणिक कामांचा भार, निवडणुकीची व जनगणनेची कामे, रिक्त जागा, आणि वरून दर आठवड्याला मागविली जाणारी माहिती. अशा शिक्षकाने आणखी मुलांचे गाऱ्हाणे ऐकत बसावे काय? दुसरा आक्षेप शिस्तीचा: आज मुलांना बोलू दिले तर उद्या ती डोक्यावर बसतील. तिसरा राजकारणाचा. महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्या महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यापायीच १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकांची पद्धत थांबविली होती. तेच लोण शाळेत आणावयाचे काय?

यांतील शेवटच्या दोन आक्षेपांना उत्तर देताना यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टर-शिक्षकाचा प्रयोग आठवणे अगत्याचे आहे. वॉर्सा शहरात १९१२ साली सुरू झालेल्या ज्यू मुलांच्या अनाथाश्रमात त्यांनी मुलांचे न्यायालय चालविले. न्यायाधीश मुलेच असत, आणि न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमा करणारी होती. मोठ्यांविरुद्धही दाद मागता येई. खुद्द कोर्चाक पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. त्यामुळे आश्रमाची शिस्त मोडली नाही. नियम सर्वांना सारखा आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९४२ साली नाझींनी आश्रमातील मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेले, तेव्हा कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत. तेही त्यांच्याबरोबर मारले गेले. बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव १९७८ साली संयुक्त राष्ट्रांत प्रथम मांडला तो पोलंडनेच. मुलाचे ऐकणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे, हे समजण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

शिक्षकांवरील भाराचा आक्षेप सर्वांत खरा आहे. म्हणून उपायही झेपण्याजोगाच हवा. त्यासाठी नवी समिती नको, नवा अहवाल तर नकोच. महिन्यातून एक तास प्रत्येक वर्गाने सभा घ्यावी. वर्गप्रतिनिधी मुलांनी गुप्त मतदानाने निवडावा, त्याची मुदत एका सत्राची असावी आणि नावे लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे. सभेचे इतिवृत्त मुलांनी स्वतः लिहावे. मराठीच्या लेखनाचा तो सरावच होईल. विषय शाळेच्या जीवनातले असावेत: पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, एकाच दिवशी चार विषयांचा गृहपाठ, ग्रंथालयाचे कुलूपबंद कपाट, जादा तास साडेपाचला संपतो आणि गावाकडची एस.टी. पाचलाच सुटते ही अडचण. मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर फलकावर लावावे. तक्रारपेटी मात्र याहून वेगळी ठेवावी. ती ठरलेल्या दिवशी, शिक्षक, पालक व शाळेबाहेरील एक विश्वासू स्त्री यांच्यासमक्ष उघडली जावी, आणि तिच्यातील गंभीर मजकूर फलकावर न जाता कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे त्वरित जावा.

पुष्कळदा उत्तर नकाराचे असेल. पंख्यासाठी अनुदान नाही, जादा तास रद्द करता येत नाही, एस.टी.ची वेळ शाळेच्या हाती नाही, असे मुख्याध्यापकांना लिहावे लागेल. तेही लिहावे, कारणासह लिहावे. कारणासह मिळालेला नकार हा नागरिकशास्त्राचा सर्वांत चांगला धडा असतो. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो, एकाच्या सोयीत दुसऱ्याची गैरसोय असू शकते, आणि अर्ज, चर्चा व तडजोड यांनी काही गोष्टी सुटतात तर काही सुटत नाहीत, हे मुलाला पाठ्यपुस्तकातून जितके कळत नाही तितके अशा एका उत्तरातून कळते. आणि कधी एखाद्या वर्गाने डेपो व्यवस्थापकाला पत्र लिहून गाडी अर्धा तास पुढे ढकलून घेतली, तर लोकशाही म्हणजे काय हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

१९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. दहावी संपवून शाळेबाहेर पडणारा मुलगा दोन-तीन वर्षांत मतदार होतो. दहा वर्षे ज्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हात वर केला, त्याच्याकडून अठराव्या वर्षी सत्तेला प्रश्न विचारण्याची अपेक्षा देश करीत असतो. तो सराव करण्यासाठी माध्यमिक शाळेखेरीज दुसरी जागा त्याला मिळणे कठीण आहे. येत्या ५ सप्टेंबरला मुलांना खुर्चीवर जरूर बसवावे. पण त्याच महिन्यात वर्गसभेचा पहिला तास घ्यावा, आणि तिच्या इतिवृत्ताखाली मुख्याध्यापकांनी आपले उत्तर सहीनिशी लिहावे.