‘सर्वानुमते’ची किंमत

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत बैठका सुरू होतात. अध्यक्ष कोण, वर्गणी किती, मिरवणुकीचा रस्ता कोणता, यावर रात्रीचा एक वाजतो. पहिल्या पाळीचा कामगार केव्हाच उठून गेलेला असतो. भगिनी घरचे आवरून येईपर्यंत अर्धी बैठक झालेली असते. उरलेले पाच-सहा जण माना डोलावतात आणि इतिवृत्तात लिहिले जाते, ‘सर्वानुमते मंजूर’. आम्ही याला एकमत म्हणत नाही. ही दमछाक आहे. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत दोन मंडळे आणि दोन वर्गण्या होतात, त्या यातूनच.

चर्चेला वेळ लागतोच. संविधान सभेने फार वेळ घेतला, पैसा उधळला, अशी टीका तेव्हाही झाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला हिशेबाने उत्तर दिले. काम २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस चालले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतील २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. कोट्यवधी लोकांच्या भवितव्यासाठी ही किंमत रास्तच होती. मात्र तेथेही प्रत्येक बाब एकमतासाठी अडवून धरली नाही. दुरुस्त्या मताला टाकून निकालात काढल्या.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. विनयातील रीत पाहा. महत्त्वाच्या कामी ठराव मांडून संघाला तीनदा विचारीत. मान्य असेल त्याने मौन राहावे, नसेल त्याने बोलावे. वाद मिटलाच नाही तर शलाका वाटून बहुमत घेत. म्हणजे मौन ही संमती खरी, पण तीनदा विचारल्यानंतरची!

आपल्या विहार समित्यांनी हेच करावे. विहाराची जागा, मुलांच्या शिक्षणाचा निधी अशा प्रश्नांना दोन-तीन बैठका द्याव्यात. मंडपाचा रंग हात वर करून पाच मिनिटांत ठरवावा. बैठक भगिनींना व पाळीवाल्यांना जमेल अशा वेळी ठेवावी, आणि गप्प बसलेल्याला नाव घेऊन विचारावे. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवावे. ज्याचे ऐकले गेले, तो हरला तरी सतरंजी उचलायला थांबतो.

जयभीम!