पाठ फिरवणारे घड्याळ

बाजाराने एखादी वस्तू विसरली म्हणजे तिचे मोल संपले, असे नाही. जुन्या घड्याळांच्या संग्राहकांना याचा प्रत्यय वारंवार येतो. दुकानाच्या दर्शनी भागातील घड्याळाकडे सर्वांचेच लक्ष जाते. परंतु खरा संग्राहक खालच्या खणातील, वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या घड्याळाकडेही तितक्याच कुतूहलाने पाहतो. स्वित्झर्लंडमधील ‘रिव्हर्सो’ या घड्याळाचा इतिहास या कुतूहलाचे महत्त्व पटवून देतो. विशेष म्हणजे या इतिहासाचा आरंभ भारतात झाला.

रिव्हर्सोची गणना ‘ड्रेस वॉच’ या प्रकारात होते. समारंभी पोशाखावर वापरायचे, सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकणारे, पातळ आणि चामडी पट्ट्याचे घड्याळ म्हणजे ड्रेस वॉच. त्यात दोन किंवा तीन काटे असतात आणि तबकडीवर गर्दी नसते. प्रमाणबद्धता आणि कारागिरी हेच त्याचे ऐश्वर्य. मात्र हा साधेपणाच त्याच्या उपेक्षेचे कारणही ठरतो.

पोलोच्या मैदानातून

पोलोचे आधुनिक रूप ब्रिटिशांना ईशान्य भारतात गवसले. मणिपूरचा पारंपरिक खेळ पाहून कछार येथील चहामळेवाल्यांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी तो आत्मसात केला आणि सिल्चर येथे १८५९ मध्ये पोलो क्लब स्थापन झाला. पुढे लष्करी छावण्यांतून हा खेळ देशभर पसरला. त्यातून एक क्षुल्लक वाटणारी अडचण उद्भवली. चेंडूचा अथवा काठीचा फटका बसून खेळाडूंच्या मनगटी घड्याळांच्या काचा फुटत.

१९३०-३१ च्या सुमारास भारतात आलेले स्विस घड्याळ-व्यापारी सेझार द त्रे यांच्या कानावर अधिकाऱ्यांनी ही तक्रार घातली. मायदेशी परतल्यावर द त्रे यांनी ती जाक-दाविद लकूल्त्र यांच्यापुढे मांडली. अभियंता रने-आल्फ्रेद शोवो यांनी तोडगा काढला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये एकस्वासाठी अर्ज दाखल झाला. घड्याळाचे कवच एका तळपट्टीवर बसवले होते. ते बाजूला सरकवून संपूर्ण उलटवता येई. तसे केले की काच मनगटाच्या दिशेला जाई आणि धातूची सपाट पाठ वर येई. ‘रिव्हर्सो’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘मी उलटतो’ असाच आहे.

या कोऱ्या पाठीला लवकरच दुसरे काम मिळाले. मालकांनी तिच्यावर आद्याक्षरे, कुलचिन्हे, तारखा कोरून घेतल्या. काहींनी मीनाकाम करवून घेतले. त्या दशकातील एका घड्याळाच्या पाठीवर भारतीय सुंदरीचे मीनाचित्र आढळते. अमेरिकी सेनानी डग्लस मॅकआर्थर यांच्या रिव्हर्सोवर त्यांची आद्याक्षरे कोरलेली होती. खेळासाठी घडवलेले हे घड्याळ अशा रीतीने समारंभी घड्याळांच्या पंक्तीत जाऊन बसले.

धूळ खात पडलेली कवचे

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांची अभिरुची पालटली. गोल आकाराची, जलरोधक, आपोआप चावी भरली जाणारी घड्याळे लोकप्रिय झाली. चौकोनी रिव्हर्सो जुनाट वाटू लागले आणि त्याचे उत्पादन थांबले. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि संपूर्ण स्विस उद्योगावरच संकट कोसळले. १९७० च्या सुमारास या उद्योगात सुमारे ९०,००० लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही संख्या ३०,००० च्या आसपास आली. अशा वेळी चाळीस वर्षांपूर्वीच्या आकाराची आठवण कोणाला राहणार?

ती राहिली जोर्जिओ कोर्वो यांना. जेगर-लकूल्त्र कंपनीचे हे इटलीतील वितरक १९७२ मध्ये ल सांतिये येथील कारखान्यात गेले असता त्यांना रिव्हर्सोची सुमारे २०० रिकामी, न वापरलेली कवचे दिसली. कारखान्याच्या लेखी ती केवळ शिल्लक माल होती. कोर्वो यांनी ती खरेदी करून इटलीत नेली आणि त्यांत यंत्रणा बसवून घड्याळे विक्रीस ठेवली. महिन्याभरात ती सर्व विकली गेली, असे या घड्याळाच्या इतिहासात सांगितले जाते.

त्यानंतर कंपनीने हा आकार पुन्हा हाती घेतला. १९८५ मध्ये अभियंता दानिएल विल्द यांनी रचलेले, धूळ व पाणी यांना अधिक समर्थपणे रोखणारे नवे कवच आले. १९९१ मध्ये साठाव्या वर्धापनानिमित्त ५०० घड्याळांची विशेष आवृत्ती निघाली आणि १९९४ मध्ये दोन्ही बाजूंना तबकडी असलेला ‘ड्युओफेस’ आला. ज्या कवचांची किंमत भंगाराएवढी मानली गेली असती, त्यांच्यामुळेच कंपनीला आपली सर्वांत ठळक ओळख परत मिळाली.

पारख कशाची करावी?

कोर्वो यांच्यासारखी दृष्टी अभ्यासाने कमावता येते. रिव्हर्सोचेच उदाहरण घ्यावे. १९३१ मध्ये लकूल्त्र यांच्यापाशी या कवचाजोगती आयताकृती यंत्रणा तयार नव्हती. म्हणून आरंभीच्या घड्याळांत तावान या कंपनीची यंत्रणा बसवण्यात आली. स्वतःची यंत्रणा १९३३ मध्ये आली. हे ठाऊक नसलेला ग्राहक अस्सल घड्याळ ‘यंत्र दुसऱ्याचे आहे’ म्हणून नाकारील. तसेच जेगर-लकूल्त्र हे जोडनाव १९३७ पासूनचे आहे. त्यापूर्वीच्या म्हणून दाखवलेल्या तबकडीवर ते असेल, तर तबकडी मागाहून बदलली वा रंगवली असण्याची शक्यता असते.

तबकडी हा जुन्या घड्याळाचा चेहरा होय. काळाने आलेला फिकेपणा संग्राहक आनंदाने स्वीकारतात. नव्याने रंगवलेल्या तबकडीने मात्र मूल्य घटते. जुन्या यंत्रांवर झगमगीत नवी तबकडी चढवून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना संग्राहकांच्या वर्तुळात ‘मुंबई स्पेशल’ असे उपरोधिक नाव पडले आहे, हे येथील हौशी ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

कवचाच्या कडाही बारकाईने पाहाव्यात. रिव्हर्सोच्या वरच्या व खालच्या अंगास तीन-तीन समांतर रेषा असतात. वारंवार चकाकी दिलेल्या घड्याळात त्या झिजून अस्पष्ट होतात. झिजलेला धातू परत आणता येत नाही. कवच सरकवून, उलटवून आणि पुन्हा जागी बसवून पाहावे. ते घट्ट बसले पाहिजे. शेवटी जाणत्या घड्याळजीकडून यंत्रणा तपासून घ्यावी आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च खरेदीच्या किमतीत मिळवूनच सौदा ठरवावा.

हौस आणि हिशेब

घड्याळ व्याज देत नाही. त्याची किंमत रुचीनुसार चढते आणि उतरतेही. त्यामुळे कर्ज काढून किंवा घरखर्चाच्या पैशातून संग्रह करणे शहाणपणाचे नव्हे. खरेदीची पावती, छायाचित्रे व दुरुस्तीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. मौल्यवान घड्याळ लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी एक नियम लक्षात घ्यावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतके असते. म्हणून स्वतंत्र विम्याचा विचार अवश्य करावा.

उपेक्षित घड्याळ शोधण्यासाठी स्वित्झर्लंडलाच जावे लागते असेही नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळनिर्मिती सुरू केली. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला. एकेकाळी घरोघरी असलेली ती चावीची घड्याळे आज संग्राहक शोधत फिरतात. त्यांतील एखादे आजोबांच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेले निघू शकते. मात्र ते हाती आल्याबरोबर चावी भरण्याचा मोह टाळावा. अनेक वर्षांत आतले तेल सुकलेले असते आणि कोरड्या चाकांची झीज होते. आधी घड्याळजी, मग चावी!