उसात बिबट्या आणि मोबाईलवर हलकी रायफल: बंदुकीच्या नळीचं गणित काय आणि आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

घोडेगाव म्हणजे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. वरच्या अंगाला भीमाशंकरचं जंगल, खालच्या अंगाला डिंभे धरणाच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. संध्याकाळी सहा-साडेसहानंतर इथल्या वस्त्यांवर एकच सूचना असते. पोरांना आत घ्या, शेळ्या बांधा, एकट्यानं बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाऊ नका.

अशा ठिकाणी रात्री मोबाईल उघडला आणि समोर अमेरिकेतल्या कुणीतरी स्वतः जोडलेली अडीच-तीन किलोची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आली, तर माणूस बघतोच. तो गडी सांगत असतो की शिकारीसाठी हलकी रायफल बनवायची तर बॅरल १६ इंची घ्या, पातळ घ्या, वजन वाचतं. खाली मराठीत कॉमेंट पडते, 'भाऊ, आपल्याकडं मिळंल का? बिबट्यानं उच्छाद मांडलाय.'

कॉमेंट करणाऱ्याला हसू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात वीसेक दिवसांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यामुळे प्रश्न खराच आहे. मात्र त्या रीलमधलं बॅरलचं गणित आणि आपल्या उसातलं गणित यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे. तो कसा, ते बघू.

नळी नेमकं करते काय?

काडतूस फुटलं की आतल्या दारूचा वायू होतो आणि तो गोळीला पुढं ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंतच हा धक्का मिळतो. म्हणून नळी लांब तर गोळीला वेग जास्त, आखूड तर कमी. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या एआर-१५ जातीच्या रायफलीत नळी एक इंच कमी केली की गोळीचा वेग सेकंदाला ढोबळमानानं ७ ते १५ मीटरनं घटतो. शंभर मीटरवरच्या हरणासाठी एवढा फरक चालून जातो, आणि त्या बदल्यात झाडीतून फिरताना रायफल अडकत नाही.

दुसरी गोष्ट नळीची जाडी. १६ इंची पातळ नळी पाऊण किलोच्या आसपास भरते, तर तेवढीच लांब पण जाड नळी सव्वा किलोपर्यंत जाते. पातळ नळी लवकर तापते, आणि तापली की गोळी जरा इकडं-तिकडं लागायला सुरुवात होते. पण शिकारी दिवसात एक किंवा दोन गोळ्या झाडतो, त्याची नळी तापायची वेळच येत नाही. सरावाच्या मैदानावर दोनशे गोळ्या झाडणारा मात्र जाड नळी घेतो. म्हणजे रीलवाला गडी त्याच्या जागी बरोबर आहे. डोंगर चढून जायचं आणि एक गोळी मारायची, तर हलकी नळीच बरी.

तिसरी गोष्ट आतले आटे. रायफलीच्या नळीत आतून नागमोडी खाचा कोरलेल्या असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. '१:८' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ८ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब आणि जड, तितका फेरा जलद लागतो.

आपल्या गावाकडच्या बाराबोअरला असे आटे नसतात, तिची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एक गोळी जायच्या ऐवजी छर्रे जातात आणि ते पसरतात. जाता जाता, 'बारा' हा आकडा कुठून आला? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसतो, ती बाराबोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. छर्ऱ्यांचा भरवसा ३५-४० मीटरपर्यंत. रायफलीची गोळी मात्र नेम चुकला तर दोन-अडीच किलोमीटर पुढंही जीव घेऊ शकते. आंबेगावात शेतातून कुठल्याही दिशेला दोन किलोमीटर रेघ ओढा, मध्ये एखादी वस्ती येतेच.

मग १६ इंच हा आकडा का?

यामागं शिकारीपेक्षा कायदा जास्त आहे. अमेरिकेत रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असली की १९३४ च्या एका कायद्याखाली तिची वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणून बहुतेक जण बरोब्बर १६ वर थांबतात. शिवाय तिथल्या केंद्रीय कायद्यात रायफलीचा चाप बसवलेला सांगाडा तेवढा 'बंदूक' मानला जातो. नळी हा नुसता सुटा भाग. ती दुकानातून किंवा पार्सलनं सहज येते, आणि त्यामुळेच घरी बसून रायफल जोडण्याचा छंद तिकडं एवढा फोफावलाय.

आपल्याकडे हे उलट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग 'शस्त्र' म्हणून धरलेत. म्हणजे रिकामी नळी घरात सापडली तरी प्रश्न शस्त्राचाच. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, जोडणं किंवा एका प्रकारची दुसऱ्या प्रकारात बदलणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्यासाठी किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. असलेल्या बंदुकीची नळी कापून आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो, नाहीतर शिक्षा तीच.

आणि सेमी-ऑटोमॅटिक? म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. अशा रायफली शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात टाकल्यात. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून त्या मिळत नाहीत. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना जवळ बाळगलं तर ७ ते १४ वर्षं.

त्यामुळे 'कुठलं बॅरल निवडू?' या प्रश्नाचं इथलं उत्तर फार लहान आहे. निवडायला काही शिल्लकच नाही.

आपल्या कायद्यातही नळीचा आकडा आहे

गंमत म्हणजे आपल्या कायद्यानंही नळी मोजलीय. परवाना कुणाला द्यावा हे सांगणाऱ्या कलम १३ मध्ये दोन प्रकार येतात. एक, संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक. दुसरी, खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची ती. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर पीक संरक्षणासाठी २० इंचांची दुसरी गुळगुळीत बंदूक देता येते.

२० इंच का? आखूड बंदूक कपड्यात लपते. लांब लपत नाही. शेतकऱ्याला रानात बंदूक लपवायची गरज नसते, एवढा साधा विचार त्यात दिसतो.

कोकणात या 'शेती संरक्षण' बंदुका अजूनही घराघरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलिस ठाण्यात जमा करा म्हणून आदेश निघतो आणि नेमकं त्याच दिवसांत माकडं-रानडुकरं बागेत शिरतात, ही तिकडची जुनी तक्रार. पुणे जिल्ह्याच्या या भागात असे परवाने त्या मानानं चर्चेतही नसतात.

रायफलच हवी तर भारतात सर्वसामान्य परवानाधारकाकडे दिसते ती सरकारी आयुध कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची. ती बोल्ट अ‍ॅक्शन आहे. प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागं ओढायचा, पुढं ढकलायचा. हा .३१५ आकडाही इंग्रजांच्या काळातला. लष्कराची काडतुसं लोकांच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून तेव्हा वेगळी बोअर पुढं आली आणि ती टिकली. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा असतो, आणि त्याआधी पोलिस पडताळणी आणि बंदूक हाताळायचं प्रशिक्षण.

समजा परवाना मिळाला. बिबट्यावर झाडता येईल?

नाही. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॉमेंटमध्ये सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारणंच काय, पकडणं, हाकणं, सापळा लावणं हेही 'शिकार' या शब्दात येतं. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि किमान २५ हजार रुपये दंड. बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाली तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. त्यांचं कार्यालय नागपूरला. तहसीलदार, पोलिस पाटील, आमदार यांच्यापैकी कुणाच्याही हातात तो अधिकार नाही.

एक अपवाद मात्र स्पष्ट आहे आणि तो प्रत्येकाला माहीत हवा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, चांगल्या हेतूनं, प्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. पोरावर झेपावलेल्या बिबट्याच्या डोक्यात कोयता घातला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. फक्त मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. नखं, दात, कातडी काढून ठेवली की तिथून पुढं तो गुन्हाच.

आणि बंदूक हातात असती तरी...

वाढलेला ऊस माणसाच्या डोक्याच्या वर जातो. आत चार-पाच फुटांपलीकडं काही दिसत नाही. बिबट्या बहुतेक वेळा मागून, वाकलेल्या किंवा लहान चणीच्या माणसावर येतो, म्हणूनच खुरपणाऱ्या बायका आणि मुलं जास्त सापडतात. खांद्याला बंदूक लावून नेम धरायला जो एक-दीड सेकंद लागतो, तो तिथं मिळत नाही. पिंपरखेडकडच्या बायकांनी त्या दिवसांत गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. दिसायला विचित्र वाटतं, पण हल्ला मानेवर होतो हे त्या बायकांना रायफलीच्या रीलपेक्षा जास्त कळत होतं.

छर्रे लागून जखमी झालेला बिबट्या मरत नाही, उसात शिरतो. मग दुसऱ्या दिवशी तोडीला जाणाऱ्या टोळीनं काय करायचं?

वनविभागाची बंदूक वेगळी असते

वनविभाग आधी वापरतो ती डार्ट गन. तिच्यात दारू नसते, बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो. नळी ११ किंवा १३ मिलिमीटरची, आतून गुळगुळीत, कारण डार्ट म्हणजे औषध भरलेली उडती सिरिंज. तिला शेपटीचा गोंडा सरळ ठेवतो, आट्यांची गरज नसते. रायफलीत वेग जितका जास्त तितका चांगला, इथं उलटं. दाब जास्त झाला तर सुईनं हाड मोडतं, कमी झाला तर डार्ट वाटेत पडतो. त्यामुळे अंतर बघून प्रत्येक वेळी दाब जुळवायचा. भरवशाचं अंतर वीस-तीस मीटर. औषध चढायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात जनावर कुठंही जाऊ शकतं.

पिंपरखेडला हेच घडलं. मारण्याची परवानगी आली होती, तरी पथकानं ४ नोव्हेंबरच्या रात्री आधी डार्ट मारला. तो चुकला, बिबट्या अंगावर आला आणि मग शार्पशूटरनी गोळी घातली. 'आधीच का नाही मारला' असं म्हणणारे बरेच होते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण कायद्याची अट डार्टची होती.

पकडून लांब सोडला तर?

हा प्रयोग याच भागात झालाय आणि तो अंगलट आला. २००१ पासून जुन्नर भागात मोठ्या संख्येनं बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आधीच्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले, आणि वाढलेले हल्ले बिबटे सोडलेल्या जागांजवळचे होते. अनोळखी रानात टाकलेलं जनावर जास्त धोकादायक ठरलं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण पकडलेल्या प्रत्येक बिबट्यासाठी तिथं आयुष्यभराची जागा निघणं शक्य नाही.

लोकांची एक मागणी मात्र बंदुकीपेक्षा कितीतरी कामाची आहे. शेतीला वीज दिवसा द्या. रात्रीची थ्री-फेज असली की माणूस अंधारात उसाच्या कडेनं मोटारीवर जातो, आणि गाठ पडते ती तिथं.

बिबट्या किंवा उसात पिल्लं दिसली तर वनविभागाचा टोल-फ्री नंबर १९२६. फोनवर गाव, वस्ती, गट नंबर किंवा जवळची खूण आणि वेळ सांगायची. पिल्लं असतील तर हात लावायचा नाही, तोड त्या फडात थांबवायची आणि माणसं लांब घ्यायची. आई जवळच असते आणि बहुधा त्याच रात्री ती पिल्लं उचलून नेते.